‘सरकार’ला घर पाहिजे

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या महाविद्यालयातले तीन विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. एकाच्या हातात पुठ्ठ्याचे खोके होते आणि खोक्यातून घसा बसल्यासारखा घोगरा आवाज येत होता. वसतिगृहामागच्या नाल्यात कुत्र्यांनी घेरलेले एक पांढरे बदक त्यांनी सोडवून आणले होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेला त्या वेळी कुलूप होते, म्हणून ते माझ्याकडे आले. माझ्या पक्षिज्ञानाची कीर्ती ऐकून नव्हे.

“सर, याचं काय करायचं?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “त्यात काय? रंकाळ्यात सोडून द्या.”

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख मी त्या एका उत्तराबद्दल लिहीत आहे. ते उत्तर चुकीचे होते. वाईट याचे वाटते की, ते का चुकीचे आहे हे समजायला लागणारे सगळे पदार्थविज्ञान मी वीस वर्षे वर्गात शिकवत आलो आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. बदकाला काठावर ठेवले तर ते पाण्याकडे पाठ करून आमच्याकडे पाहत राहिले. मी त्याला हलकेच पुढे ढकलले. ते तरंगले, पण चित्रातल्या बदकासारखे ऐटीत नव्हे. त्याची पाठ जवळजवळ पाण्याला टेकली होती. पाचसात मिनिटांत ते धडपडत काठावर आले. पिसे अंगाला चिकटलेली, सगळे अंग थरथरणारे. ते चालत आले आणि माझ्या चपलेवर उभे राहिले.

आता हे का झाले ते पाहू. बदक कोरडे राहते ते नुसत्या तेलामुळे, असे आपण लहानपणी वाचतो. ते अर्धे खरे आहे. शेपटीच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातले तेलकट द्रव्य बदक चोचीने पिसांना चोळते. पण खरी कमाल पिसाच्या रचनेत आहे. पिसाच्या दांड्यावरच्या तंतूंना आणखी बारीक तंतू असतात आणि त्यांना अतिसूक्ष्म आकडे असतात. पिशवीच्या चेनप्रमाणे ते एकमेकांत अडकतात. त्यांच्यामधल्या फटी इतक्या लहान की, पृष्ठताणामुळे पाण्याला आत शिरता येत नाही. त्यामुळे पिसांखालची हवा तशीच कोंडून राहते. ही हवा दोन कामे करते: बदकाचे आकारमान वाढवून त्याला वर तरंगत ठेवते आणि अंगाची उष्णता राखते.

छत्रीचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या पावसात उभ्या राहिलेल्या माणसाला ते सहज पटेल. छत्रीचे कापड विणलेले असते, म्हणजे त्यालाही भोके असतात. तरी पाणी खाली येत नाही. जुन्या छत्रीचा एक तुकडा वाटीवर ताणून बांधा, त्यावर थोडे पाणी घाला आणि मग साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. काय होते ते स्वतःच पाहा. खोलीच्या तपमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०·०७२ न्यूटन असतो. साबणाने तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

साबणाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. मुलांनी चौकशी केली तेव्हा बदकाचा इतिहास कळला. जत्रेत पिवळे, कापसाच्या बोंडासारखे पिलू एका कुटुंबाने मुलीच्या हट्टापायी घेतले. पाच महिने ते तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात वाढले. पांढरे दिसावे म्हणून दर रविवारी त्याला शांपूने न्हाऊ घालत. तेल गेले, पिसांची घडी बिघडली. पुढे घाण आणि आवाज शेजाऱ्यांना सहन होईना, तेव्हा ‘पाण्याच्या जागी’ म्हणून त्याला नाल्याशी सोडून दिले. त्या कुटुंबावर मला रागावता येत नाही. त्यांनी पाणी पाहिले आणि सोडले. मीही तेच केले होते.

भिजलेल्या बदकाची थंडी ही किरकोळ गोष्ट नव्हे. बदकाच्या शरीराचे तपमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक उष्णतावाहक आहे. हवेचा थर गेला की बदक म्हणजे उघड्यावर ठेवलेली चहाची किटली.

“पण सर, ते उडून जाईल ना दुसरीकडे?” असे एकाने विचारले. जाणार नाही. आपल्याकडची बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून माणसाने तयार केली. मॅलार्ड साधारण एक किलोचे. आमचे बदक तराजूवर तीन किलो भरले. पंखांचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच धरले, तर हवेत टिकायला लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १·७ पट. आणि लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने, म्हणजे पाच पटींहून अधिक. पाच पट ताकदीचे स्नायू त्याला कोणी दिलेले नाहीत. कुत्रे आले तर ते फडफडेल आणि धावेल. त्याचा पांढरा रंगही लपायच्या कामाचा नाही. माणसाने त्याला उडता येऊ नये असे घडवले आणि मग ‘निसर्गात मुक्त’ केले, यात मुक्ती कुठे आली?

आणि मुक्त केलेले बदक जगलेच, तर तळ्याचे काय? न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणून सोडलेल्या मॅलार्डचा तिथल्या मूळच्या करड्या बदकाशी इतका संकर झाला की, शुद्ध करडे बदक सापडणे अवघड झाले. आपल्या तळ्यांवर हळदीकुंकू बदक असते. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू लावल्यासारखे दिसते म्हणून ते नाव. तेही मॅलार्डच्या जवळच्या नात्यातलेच. शिवाय रोगांचा प्रश्न आहे. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये आली. बदकांच्या अंगात असे विषाणू फारशी लक्षणे न दाखवता राहू शकतात. म्हणून पाळीव बदक रानपक्ष्यांत सोडू नये. (उलट, रानबदकाचे पिलू सापडले तर ते घरी पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही, वनखात्याला कळवावे.)

तर बदक माझ्या परसात आले. मुलांनी त्याचे नाव ‘सरकार’ ठेवले. कारण ते डुलत डुलत चाले, कोणाचे ऐकत नसे आणि खायला मिळेपर्यंत ओरडत राही. मोठ्या टोपात रोज स्वच्छ पाणी, साबण अजिबात नाही, आणि दिवसभर चोचीने पिसे सारखी करण्याचा त्याचा स्वतःचा उद्योग. सहासात आठवड्यांत नवी पिसे आली आणि पाठीवर टाकलेला पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळू लागला. त्या दिवशी मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. आमच्या घरातली मंडळी मात्र परसाची अवस्था पाहून निराळेच बोलत होती. त्यांचेही खरे होते. बदक दिवसभर खाते आणि दिवसभर घाण करते.

आता घर शोधायचे. तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? बंगाल, आसाम किंवा केरळात असतो तर नसते. कुट्टनाडला भाताची कापणी झाली की हजारो बदकांचे कळप शेतांतून चरायला नेतात. आपल्याकडे मात्र बदके पाळणारी घरे थोडी. त्यात आमचा ‘सरकार’ नर निघाला. बदकांत मादीचा आवाज मोठा, खणखणीत ‘क्वॅक’ असा, नराचा घोगरा. नराच्या शेपटीवर वर वळलेली एकदोन पिसे असतात. खोक्यातला तो बसका आवाज म्हणजे घसा खराब नव्हता, ती त्याची ओळख होती. नर अंडी घालत नाही. मग तो कोणाला कशासाठी हवा असणार?

पहिली मागणी एका मोठ्या बंगल्यातून आली. हिरवळ होती, कारंजे होते, बदकासाठी लाकडी घर करून घ्यायची तयारी होती. फक्त बदक एकटे राहणार होते. मी नाही म्हटले आणि पुष्कळांना ते उद्धटपणाचे वाटले. पण बदक हा कळपाचा प्राणी आहे, हे नुसते सांगण्यापुरते वाक्य नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅलार्ड बदके ओळीने झोपवून त्यांच्या मेंदूचे आलेख घेतले. ओळीच्या मधली बदके दोन्ही डोळे मिटून झोपत. टोकाची बदके मात्र बरेचदा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवत आणि तेव्हा त्यांचा अर्धा मेंदू जागा असे. कळपातल्या प्रत्येकाला टोकावरची पाळी येते आणि मधली जागाही मिळते. एकट्या बदकाला दोन्ही बाजूंनी टोकच. माझ्या परसात रात्री मी बॅटरी घेऊन गेलो की, ‘सरकार’चा एक डोळा नेहमी उघडाच दिसे.

हॉटेलवाल्यांची मागणी मी लगेच नाकारली. गिऱ्हाइके पाव आणि वेफर्स टाकणार, टाकीत औषध घातलेले पाणी. पुढे बोलायलाच नको. पाव बदकाला विष नाही, पण पोट भरते आणि पोषण होत नाही. वाढत्या पिलांना तर तो फारच वाईट. बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. भिजवलेले धान्य, पाला, वाटाणे, गोगलगायी, गांडुळे हे त्याचे खरे खाणे.

एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले आणि “द्या की सर, सांभाळतो” म्हणाले. वार शनिवार होता. मी त्यांना स्पष्ट विचारले, “खायला नेताय का?” ते हसले. मीही हसलो. मी कोल्हापूरचा आहे, तांबडा-पांढरा रस्सा मला आवडतो आणि बदक खाणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण ज्या मुलांनी ते कुत्र्यांच्या तोंडातून काढले, त्यांना मी ‘चांगले घर शोधू’ असा शब्द दिला होता. असा शब्द देऊन मग घर न विचारता देणे, म्हणजे मुलांशी खोटे बोलणे. कित्येक वडीलधारी माणसे घरातला प्राणी ‘शेतावर पाठवला’ असे मुलांना सांगतात. मुलांना ते कळते. निदान मला लहानपणी कळले होते.

यानंतर आलेली मागणी मात्र मला पसंत पडली होती. एक प्रगतिशील शेतकरी, तीन बदके आधीच पाळलेली, आणि नवे कोरे शेततळे, निळ्या आकाशासारखे. मुलांनी तर टाळ्याच वाजवल्या. मी तळ्याच्या काठावर उतरून पाहिले आणि पाय सटकला. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला होता. असा कागद पाणी मुरू नये म्हणून घालतात आणि त्यासाठी तो उत्तम आहे. पण उतारावर घसरू नये म्हणून घर्षणांक किमान उताराच्या कोनाच्या टॅनजंटइतका लागतो, हे तुम्हांला अकरावीत शिकवले जाते. उतार ४५ अंशांचा असेल तर घर्षणांक १ हवा. आडव्या दीड मीटरला उभा एक मीटर असा सौम्य उतार असला, तरी ०·६७ हवा. ओल्या, शेवाळलेल्या प्लॅस्टिकवर पडदे असलेला गुळगुळीत पाय ठेवला तर एवढे घर्षण कुठून मिळणार? उडता न येणारे बदक अशा तळ्यात उतरू शकते, चढू शकत नाही. माणसेही अशा तळ्यांत बुडाली आहेत. बदक तासन् तास पोहत राहते, दमते, पिसे भिजू लागतात. आणि पुढचे रंकाळ्यावर मी पाहिलेच होते.

मी शेतकऱ्याला सुचवले की, काथ्याची जाडजूड चटई किंवा गोणपाट शिवून केलेला पट्टा काठापासून थेट तळापर्यंत सोडावा. तळापर्यंत अशासाठी की, उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि पट्टा वरच लोंबत राहतो. त्यांना ते पटले, त्यांनी चारही बाजूंना दोर आणि पट्टे टाकले. पण त्यांच्या तीन बदकांत दोन नर होते. एका नरामागे चारपाच माद्या असाव्यात, असा साधारण हिशेब आहे. नर जास्त झाले की आपसांत भांडतात आणि मादीच्या मानेची पिसे उपटून तिला जखमी करतात. तिथे ‘सरकार’ गेला असता तर एका मादीमागे तीन नर झाले असते. एकाला घर देताना दुसरीचे घर मोडायचे नसते. आम्ही आभार मानून परत आलो. परतीच्या वाटेवर मुले माझ्याशी बोलत नव्हती.

मुलांना एक भीती होती, ती मी येथे सांगतो. कारण तुमच्यापैकी कोणी असे पिलू वाढवले असेल तर तुम्हांलाही ती वाटेल. “सर, याला आपणच त्याचे वाटतो. दुसऱ्या बदकांना हा ओळखेल का?” कोन्राड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली दाखवून दिले की, अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसते त्याचा ठसा हंसाच्या पिलाच्या मनावर उमटतो आणि ते त्याच्यामागे जाते. मॅलार्डची पिले इतकी भोळी नव्हती. त्यांच्यासाठी लॉरेंझना गवतातून ओणवे सरपटत सारखे ‘क्वॅक क्वॅक’ करावे लागले. रस्त्यावरचे लोक त्यांना वेडे समजले. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, टिनबर्गेन आणि फॉन फ्रिश यांच्या बरोबरीने. हा ठसा पुरता पुसला जात नाही. तरीही माणसांत वाढलेले बदक हळूहळू कळपात मिसळू शकते. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. आणि नव्या पक्ष्याला दोनतीन आठवडे वेगळे ठेवणे रोगराईच्या दृष्टीनेही आवश्यकच असते.

शेवटी घर मिळाले ते पंचगंगेकाठच्या एका गावात. एका विद्यार्थ्याच्या आत्याच्या शेजारणीकडे सात माद्या आणि एक म्हातारा नर होता. बंगला नाही, कारंजे नाही; गोठ्यामागे मातीचे एक डबके, त्याला म्हशींच्या धुण्याचे पाणी. मी माझी प्रश्नांची यादी काढली. रात्री कुठे ठेवता? त्यांनी खुराडे दाखवले: कडी लोखंडी, जाळी जमिनीखाली वीतभर पुरलेली, कारण मुंगूस उकरून आत येते. काय घालता? कोंडा, भाताचा चुरा, आणि बाकीचे ती शेतात शोधतात. मग मी मोठ्या शहाणपणाने विचारले, “पूर आला तर? बदके पोहतातच म्हणा.”

मावशी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. “अवो सर, पवतंय म्हनून पुरात सोडायचं व्हय? पानी वढून न्हेतंय की. २०१९ ला म्हशींच्या संगं ट्रॉलीत घालून माळावर न्हेली व्हती समदी.”

त्यानंतर मी आणखी प्रश्न विचारले नाहीत. त्यांनीच ‘सरकार’ला उचलले, शेपटी पाहिली आणि म्हणाल्या, “ह्यो नर हाय. सातांत दोन जरा जास्तच हुत्यात. बघू, निभलं तर निभलं, न्हाईतर मधी जाळी मारू.” आम्ही वर्गणी काढून जाळीचे पैसे आधीच देऊन आलो. तीन आठवडे तो डालग्याखाली, बाकीच्यांना दिसेल पण भिडता येणार नाही असा राहिला. सोडल्यावर पहिले आठ दिवस म्हाताऱ्या नराने त्याला डबक्यात येऊ दिले नाही. दिवाळीत मी गेलो तेव्हा जाळी लागलेली नव्हती. ‘सरकार’ सहाव्या का सातव्या क्रमांकावर, रांगेत चालत होता. माझ्या चपलेकडे तो आला, दोनदा चोच मारली आणि रांग पुढे गेलेली पाहून धावत सुटला.

एका बदकासाठी तीन महिने, पाच घरे, पेट्रोल, वर्गणी. हे अति झाले, असे आमच्या शिक्षककक्षात पुष्कळांचे मत आहे. असेल. पण हे अति झाले ते शेवटी. सुरुवातीला, जत्रेत, ते अगदीच कमी झाले होते. नीट सांभाळलेले बदक दहा वर्षांहून अधिक जगू शकते. पिलू विकणाऱ्याने हे एक वाक्य सांगितले असते, किंवा घेणाऱ्याने विचारले असते, तर खोके माझ्या दारात आले नसते. माझे तर म्हणणे आहे की, जत्रेत सुटे पिलू विकूच नये. ज्याला बदके पाळायची आहेत तो बदके पाळणाऱ्याकडूनच घेईल. आणि शाळांच्या विज्ञान मंडळांनी आपल्या पंचक्रोशीत बदके, ससे, कासवे कोण सांभाळतो, कोणाकडे जागा आहे, नर किती, माद्या किती, याची एक वही ठेवावी. आमच्या मुलांनी ती सुरू केली आहे. सध्या तिच्यात अकरा नावे आहेत.

वही उपयोगी पडायला फार दिवस लागले नाहीत. परवा पुन्हा एक खोके आले. आतला आवाज या वेळी इतका खणखणीत होता की, शेजारच्या वर्गातला तास थांबला. मी मावशींना फोन केला आणि मादी आहे, पांढरी आहे, पाच-सहा महिन्यांची असावी, असे सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच अडवले.

“त्ये ऱ्हाऊ द्या सर. साबन लावलाय काय तिला?”